रसायनशास्त्र शिकवण्याआधी विद्यार्थ्यांचं पूर्वज्ञान कसं तपासावं आणि कसं वापरावं

अकरावीत मोल (पदार्थाचं प्रमाण मोजण्याचं एकक) शिकवताना वर्ग अडला, की बहुतेक वेळा तोच धडा पुन्हा एकदा, जरा सावकाश शिकवला जातो. काही मुलांना त्याने फायदा होतो. बऱ्याच मुलांना होत नाही, आणि मग 'बेसिक कच्चं आहे' असं म्हणून विषय पुढे सरकतो. पण 'बेसिक कच्चं' या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि तिघींवरचा उपाय वेगळा आहे. चुकीचा उपाय केला तर तासिका जातात आणि मुलं होती तिथेच राहतात.

पहिली अडचण कोऱ्या जागेची. ती गोष्ट मुलाला कधी शिकवलीच गेली नाही किंवा शिकवलेलं पुसून गेलं. दुसरी, ठाम पण चुकीच्या कल्पनेची. मुलाला उत्तर येतं, त्याची खात्रीही असते, फक्त ते उत्तर चूक असतं. तिसरी अडचण असूनही न वापरलेल्या ज्ञानाची. मुलाला ती गोष्ट गणितातून, घरातून किंवा मराठी माध्यमातल्या शाळेतून माहीत असते, पण रसायनशास्त्राच्या तासाला ती आठवत नाही.

नागपुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. एकाच बाकावर काटोल किंवा उमरेडच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी, शहरातल्या सेमी इंग्रजी शाळेतला मुलगा आणि सीबीएसईतून आलेला तिसरा असे तिघं बसतात. तिघांना एकच धडा मिळतो, पण तिघंही सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून करत असतात. म्हणून पहिल्या आठवड्यातली एक तासिका तपासणीसाठी राखून ठेवा. नववी-दहावीच्या शिक्षकांनीही प्रत्येक मोठ्या प्रकरणाआधी हेच लहान प्रमाणात करावं.

तपासणीची चाचणी

सात प्रश्न, ४० मिनिटं, गुण नाहीत. गुण नाहीत हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. नाहीतर मुलं शेजाऱ्याच्या वहीत बघतात आणि तुमच्या हाती शेजाऱ्याचं ज्ञान लागतं. प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापा. उत्तर कोणत्याही भाषेत चालेल.

प्रत्येक प्रश्नाखाली तीन ओळी ठेवा: उत्तर, कारण, आणि 'खात्री आहे' की 'अंदाज आहे'. कारण विचारण्याची ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. विज्ञानशिक्षणाचे संशोधक डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये उत्तर आणि कारण अशा दोन पायऱ्यांच्या चाचण्या कशा तयार करायच्या याची रीतसर पद्धत मांडली. तिसरी ओळ मात्र कोरी जागा आणि चुकीची कल्पना वेगळी काढण्यासाठी हवीच.

१. पाणी खळखळ उकळत आहे. मोठ्या बुडबुड्यांत काय आहे: हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, पाण्याची वाफ की उष्णता?

२. १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर पूर्ण विरघळवली. द्रावणाचं वजन किती?

३. लोखंडी खिळा गंजला. गंज खाली सांडू दिला नाही. खिळा आणि गंज मिळून वजन पूर्वीपेक्षा कमी, तेवढंच की जास्त?

४. हायड्रोजनचे तीन रेणू गोल काढून दाखवा.

५. मिठाचं पाणी कणांच्या पातळीवर काढा.

६. पाच छेद बारा बरोबर एक्स छेद छत्तीस, तर एक्स किती? आणि १० च्या २४व्या घाताला १० च्या २३व्या घाताने भागलं तर किती?

७. जोड्या लावा: संयुजा, द्राव्य, द्रावक, आम्लारी, क्षपण, अवक्षेप यांच्यासमोर व्हॅलन्सी, सोल्यूट, सॉल्व्हंट, बेस, रिडक्शन, प्रेसिपिटेट.

चित्रांचे प्रश्न वगळू नका. शब्दांत बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची गफलत चित्रात उघडी पडते. चौथ्या प्रश्नात सहा गोल एका माळेत जोडलेले दिसले, तर रेणूसूत्राच्या आधी लिहिलेला अंक आणि खाली लिहिलेला अंक यांतला फरक मुलाला कळलेला नाही. समीकरण संतुलित करण्यात तोच मुलगा पटाईत असू शकतो, कारण ते काम नुसते आकडे मोजून जमतं. पाचव्या प्रश्नात सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्या पाण्यात तरंगताना दाखवल्या, तर आयनांची (विद्युतभार असलेल्या सुट्या कणांची) कल्पना अजून रुजलेली नाही. पुढे विद्युतवहन आणि आयनिक समतोल दोन्ही तिथेच अडतील.

शिकवणी वर्गाला जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. ती उदाहरणं झपाझप सोडवतात, म्हणून त्यांना चाचणीतून सूट द्यावीशी वाटते. पण गणिती उदाहरण सुटणं आणि संकल्पना कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी १९८७ मध्ये हेच दाखवलं: वायूंच्या नियमांवरची उदाहरणं सोडवणारे विद्यार्थी त्याच नियमाच्या कणचित्राच्या प्रश्नात चुकत होते.

कागद कसे लावायचे

एका कोऱ्या तक्त्यावर डावीकडे हजेरी क्रमांक आणि वर सात प्रश्न लिहा. चूक उत्तर आणि 'अंदाज आहे' असेल तर त्या चौकटीत 'को' म्हणजे कोरी जागा. चूक आणि 'खात्री आहे' असेल तर 'चु'. बरोबर उत्तर पण चूक कारण असेल तरी 'चु' लिहा. हा गट सर्वात सहज निसटतो. तिसरी अडचण कागदावरून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं द्या. कागद परत करा आणि प्रत्येक प्रश्नाला एकच इशारा द्या. उदाहरणार्थ, सहाव्याला 'हे सातवीच्या गणितातलं प्रमाण आहे', दुसऱ्याला 'साखर कुठे गेली?'. एवढ्या इशाऱ्यावर जे बरोबर करतात, त्यांच्या चौकटीत 'न', म्हणजे न वापरलेलं.

एका प्रश्नाला साधारण एक तृतीयांशाहून जास्त 'चु' असतील, तर प्रयोग सगळ्या वर्गासमोर करा. कमी असतील तर तेवढ्या मुलांना प्रात्यक्षिकाच्या वेळी बाजूला घ्या. कोणाच्या चौकटीत काय आहे ते वर्गात वाचून दाखवू नका. एकदा हसू झालं, की तो मुलगा पुढच्या चाचणीत सगळीकडे 'अंदाज आहे' लिहील आणि चाचणी निकामी होईल.

कोरी जागा: सरळ शिकवा

इथे शोधपद्धती, गटचर्चा, प्रश्नांची सरबत्ती यांत वेळ घालवू नका. माहीत नसलेल्या गोष्टीचा शोध घ्यायला लावलं तर मुलाची कार्यकारी स्मृती त्या धडपडीतच संपते. एका वेळी डोक्यात धरता येतात त्या नव्या गोष्टी मोजक्याच असतात. मोलचं उदाहरण घ्या: पदार्थाचं सूत्र, रेणुवस्तुमान, ग्रॅमचं मोलमध्ये रूपांतर, ॲव्होगॅड्रो अंक (एका मोलमधल्या कणांची संख्या) आणि त्याचे घात. पाचही गोष्टी नव्या असतील तर सहाव्या ओळीपर्यंत पहिली निसटते. सूत्र आणि घात आधीच हातखंडा असतील तर नव्या फक्त तीनच उरतात.

हा क्रम पाळा. पहिल्या तासाला फक्त घात आणि प्रमाण, रसायनशास्त्राचा एकही शब्द न आणता, दहा उदाहरणं. दुसऱ्या तासाला फळ्यावर पूर्ण सोडवलेली तीन उदाहरणं, प्रत्येक पायरीसमोर एकक लिहून. ९ ग्रॅम पाणी, भागिले १८ ग्रॅम प्रति मोल, म्हणजे ०.५ मोल, गुणिले ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात, म्हणजे ३.०११ गुणिले १० चा २३वा घात इतके रेणू. चौथ्या उदाहरणात शेवटची पायरी कोरी ठेवा, पाचव्यात शेवटच्या दोन, सातव्यात सगळं मुलांवर सोपवा. ज्यांना हे आधीच येतं त्यांना सोडवलेली उदाहरणं देऊ नका. त्यांना त्यांचा अडथळाच होतो. त्यांच्या हाती थेट अवघड प्रश्न द्या.

राज्य मंडळाच्या मुलांनी मोल नववीत 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात पाहिलेला असतो. दहावीत त्यावर स्वतंत्र धडा नाही. त्यामुळे अकरावीपर्यंत शब्द ओळखीचा राहतो आणि आतला मजकूर गेलेला असतो. 'हे तुम्हाला येतं' असं म्हणून पुढे जाण्याचा मोह इथेच होतो.

चुकीची कल्पना: आधी अंदाज, मग निरीक्षण

बरोबर उत्तर सांगून चुकीची कल्पना जात नाही. मूल ते उत्तर परीक्षेसाठी वहीत ठेवतं आणि मनात जुनंच बाळगतं. पोस्नर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कल्पना बदलण्यासाठी चार अटी मांडल्या होत्या: जुनी कल्पना अपुरी वाटली पाहिजे, नवी समजली पाहिजे, पटली पाहिजे आणि पुढे उपयोगी पडली पाहिजे. वर्गात याचा अर्थ असा, की प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून काढायचा. अंदाज लिहिला नाही तर प्रयोग बघून सगळेच 'मला माहीत होतं' म्हणतात.

साखरेच्या प्रश्नासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. काट्यावर पाण्याचा पेला, शेजारी साखरेची वाटी आणि चमचा, सगळं एकत्र ठेवून आकडा लिहा. साखर पाण्यात घाला, ढवळा, वाटी आणि चमचा परत काट्यावर ठेवा. आकडा तोच. हे फसतं ते दोन कारणांनी. ओला चमचा टेबलावर राहतो आणि तेवढे ग्रॅम 'नाहीसे' होतात, किंवा ढवळण्यात वेळ गेला की काटा आपोआप बंद पडतो आणि पुन्हा चालू केल्यावर शून्यापासून मोजतो. म्हणून ढवळताना अधूनमधून काट्यावर बोट टेकवा किंवा दोन्ही वेळा रिकाम्या काट्यापासून सुरुवात करा.

वायूंना वजन नसतं ही कल्पना जास्त चिवट असते. गंजलेल्या खिळ्याचं वजन घटतं असं म्हणणारी मुलं बहुधा इथलीच. यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली, ३ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ८० मिलीलिटर पांढरं व्हिनेगर घ्या. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची बाटली वापरू नका. शीतपेयाची बाटली दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते, आणि या प्रमाणात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा निम्म्यानेही वाढत नाही. प्रमाण मात्र वाढवू नका. सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधा, व्हिनेगर आधी ओता, पुडी आत टाकून झाकण लगेच घट्ट लावा. अभिक्रियेआधी बाटली, झाकण, पुडी, व्हिनेगर यांचं एकत्र वजन घेतलेलं असू द्या. फेस ओसरल्यावर पुन्हा वजन करा. फरक पडत नाही. आता झाकण सावकाश सैल करा. फुस्स आवाज येतो आणि काटा साधारण एक ग्रॅमने खाली येतो.

हाच प्रयोग बरेच जण बाटलीच्या तोंडाला फुगा लावून करतात. तसं करू नका. फुगा फुगला की तो तेवढी हवा बाजूला सारतो आणि हवेच्या उत्प्लावक (वर ढकलणाऱ्या) बलाने काटा कमी आकडा दाखवतो. फुगा दीड लिटर फुगला तर घट पावणेदोन ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे जी कल्पना खोडून काढायची तिलाच पुरावा मिळतो.

उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांसाठी वेगळं काही लागत नाही. सुरुवातीला भांड्याच्या कडेला चिकटणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. ते दाखवा, मग खळखळ उकळी येऊ द्या आणि विचारा: दहा मिनिटं हवाच येत असेल तर ती संपली का नाही, आणि पाणी का घटलं? वर थंड झाकण धरून थेंब दाखवा. तापमापी ठेवली असेल तर ती १०० नव्हे, ९९ अंशांच्या आसपास थांबेल. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि तेवढ्या उंचीवर उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. हे आधी सांगितलं नाही तर मुलं प्रयोग चुकला असं समजून वहीत १०० लिहितात, आणि 'निरीक्षणापेक्षा पुस्तक खरं' हा धडा शिकून बसतात.

समतोलाची गफलत शब्दातूनच येते. तराजू समतोल झाला म्हणजे दोन्ही पारडी सारखी आणि हालचाल बंद, हा रोजचा अर्थ मुलं रासायनिक समतोलाला लावतात: अभिक्रिया थांबली आणि दोन्ही बाजूंना सारखं प्रमाण झालं. यावरचा प्रयोग असा. १०० मिलीलिटरचे दोन मोजपात्रं घ्या. पहिल्यात ५० मिलीलिटर रंगीत पाणी, दुसरं रिकामं. ६ मिलीमीटर आणि ८ मिलीमीटर आतल्या व्यासाच्या दोन सरळ काचनळ्या घ्या. एक विद्यार्थी बारीक नळी पहिल्या मोजपात्रात तळाला टेकवतो, दुसरा जाड नळी दुसऱ्यात. दोघं वरचं तोंड बोटाने दाबून एकाच वेळी नळी उचलतात आणि आतलं पाणी समोरच्या मोजपात्रात सोडतात. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही पातळ्या लिहायच्या. २० ते २५ फेऱ्यांत आकडे स्थिरावतात: पहिल्यात ३२ च्या आसपास, दुसऱ्यात १८. पाणी तरीही दर फेरीला इकडून तिकडे जातच असतं. नळी तळाला टेकली नाही किंवा बोटाखालून थेंब गळले की आकडे भरकटतात, म्हणून पहिल्या पाच फेऱ्या सराव म्हणून करा आणि पुन्हा सुरू करा. आलेख मुलांनीच काढायचा. मग नळ्यांची अदलाबदल केली तर काय होईल, याचा अंदाज त्यांच्याकडून लिहून घ्या.

शाळेनेच दिलेलं अर्धं सत्य

चुकीच्या कल्पना फक्त घरातून येतात असं नाही. काही आपणच आठवी-नववीत पेरलेल्या असतात आणि त्या वेळी त्या योग्यच होत्या. 'अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्यासाठी अणू इलेक्ट्रॉन देतो' हे त्यांतलं सर्वात खोल रुजलेलं वाक्य. अकरावीत हेच मूल म्हणतं, की सोडियमला इलेक्ट्रॉन टाकायचाच असतो. मग आयनीकरण ऊर्जेचा धडा त्याला निरर्थक वाटतो.

यावर आकडे फळ्यावर मांडा. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला प्रति मोल ४९६ किलोज्यूल द्यावे लागतात. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. विचारा: आतापर्यंत नफा की तोटा? १४७ किलोज्यूलचा तोटा. अष्टकं दोन्हींची पूर्ण झाली, तरीही. मग मीठ बनतं कसं? आयन एकत्र येऊन स्फटिक बनतो तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, तिथे हिशेब जुळतो. हे उदाहरण सोडवायला दहा मिनिटं लागतात आणि पुढे बंध, ऊर्जा, स्फटिक या तिन्ही प्रकरणांत ते कामी येतं.

जीवशास्त्रातून अशीच एक कल्पना येते: बंध तुटला की ऊर्जा मिळते. तिलाही हिशेबानेच उत्तर द्या. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६, क्लोरीनचा तोडायला २४२, एकूण ६७८ किलोज्यूल खर्च. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध बनताना प्रत्येकी ४३१, म्हणजे ८६२ परत. हाती आलेले १८४ किलोज्यूल बंध बनण्यातून आले.

इथे 'आधी शिकलात ते विसरा' असं कधीही म्हणू नका. मुलाला वाटतं की मागचं सगळंच खोटं होतं, आणि पुढचंही कधीतरी खोटं ठरेल. त्याऐवजी वहीत दोन रकाने करा: जुना नियम कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो. 'ऑक्सिजन मिळणं म्हणजे ऑक्सिडीकरण' हे मॅग्नेशियम जळण्यापर्यंत चालतं. सोडियम आणि क्लोरीनच्या अभिक्रियेत ऑक्सिजनच नाही, तिथे इलेक्ट्रॉन गमावण्याची व्याख्या लागते, आणि मॅग्नेशियमचं उदाहरण तिच्यातही बसतं.

असूनही न वापरलेलं ज्ञान

याला सर्वात कमी वेळ लागतो आणि सर्वात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. मराठी माध्यमातल्या मुलीला संयुजा पक्की येते, पण 'व्हॅलन्सी' ऐकून ती गप्प बसते आणि शिक्षक तिला कच्ची समजतात. सातव्या प्रश्नाने हे लगेच कळतं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला बारा-पंधरा शब्दांचा तक्ता भिंतीवर लावा, दोन्ही नावं शेजारी-शेजारी. पहिला महिना कारणं मराठीत सांगू द्या, सूत्रं आणि समीकरणं तर दोन्हीकडे तीच असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच तीनशे शब्दांची यादी पाठ करायला देऊ नका. संदर्भाशिवाय पाठ केलेला शब्द धड्यापर्यंत टिकत नाही.

घरातलं ज्ञान नागपुरात भरपूर आहे. कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत करत नाही हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. बाष्पीभवनाला ऊर्जा लागते आणि हवेतली आर्द्रता वाढली की बाष्पीभवन मंदावतं, हे सांगताना तिथूनच सुरुवात करा. कूलरच्या खसवर साचलेला पांढरा थर खरवडून आणायला सांगा. त्यावर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात. कठीण पाणी, कार्बोनेट आणि आम्ल तिघांचा परिचय एका चिमटीत होतो. मनसर आणि कांद्री इथल्या मँगनीजच्या खाणी जिल्ह्यातल्याच आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडवर मँगनीज डायऑक्साइड टाकून उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) शिकवताना ते खनिज कुठून निघतं ते सांगा, धातुशास्त्राचा धडा लगेच जवळचा होतो. प्रयोग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २० मिलीलिटर आणि चिमूटभर भुकटी एवढ्यातच करा. भुकटी शेवटी गाळून वाळवून वजन करून दाखवली, तर उत्प्रेरक संपत नाही हे नुसतं वाक्य राहत नाही.

एक सावधगिरी. घरचं उदाहरण दिलं की मुलं माना डोलावतात आणि सगळं कळलं असं वाटतं. उदाहरण झाल्यावर लगेच कणांचं चित्र काढून घ्या, मग समीकरण लिहून घ्या. ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉनस्टन यांनी रसायनशास्त्राच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत: डोळ्यांना दिसणारी, कणांची आणि चिन्हांची. जाणकार या तिन्हींत सहज फिरतो. नवशिक्याला तिन्ही एकदम दिल्या तर तो गोंधळतो, म्हणून एकीवरून दुसरीवर जाताना तसं बोलून दाखवा: 'आता आपण कण काढतोय', 'आता चिन्हं लिहितोय'.

पुन्हा तपासणी

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात. त्यावर विसंबू नका. तीन आठवड्यांनी तोच प्रश्न वेगळ्या वेषात विचारा: साखरेऐवजी मीठ, खिळ्याऐवजी जळणारी मॅग्नेशियमची फीत, हायड्रोजनऐवजी नायट्रोजनचे चार रेणू. पुन्हा उत्तर, कारण, खात्री. जुन्या तक्त्यावरच वेगळ्या शाईने खुणा करा. 'को'ची 'को' राहिली असेल तर सराव कमी पडला, आणखी आठ-दहा उदाहरणं द्या. 'चु' परत आली असेल तर तोच प्रयोग पुन्हा करू नका. त्या मुलाला समोर बसवून त्याच्याच शब्दांत कारण सांगायला लावा आणि मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका. अडकलेला धागा बहुधा आधीच्या एखाद्या प्रकरणात असतो: गंजाच्या उत्तरामागे 'हवेला वजन नाही', मिठाच्या चित्रामागे 'बंध म्हणजे जोडी'. तो धागा सापडला की त्याच्यासाठी तिथला प्रयोग निवडा आणि तक्ता बारावीच्या शिक्षकांकडे सोपवा.